दोन दिवसांतले तीन शब्द

वाई,
३ डिसेंबर २०२५

चि. दादू यास,
अनेक आशीर्वाद.

रविवारी रात्री आलेला तुझा मजकूर मी आतापर्यंत चार वेळा वाचला. एरवी "जेवलो, झोपतो" एवढेच कळवणाऱ्या मुलाने शनिवार-रविवारची इतकी सविस्तर हकीकत लिहावी, याचा मला फार आनंद झाला. अगदी शेवटी जाता जाता तू लिहिले आहेस, की दोन दिवस कोणाशी बोलणे झाले नाही, पण छान वाटले. त्या वाक्याबद्दल काहीही लिहायचे नाही, असे ठरवूनच मी कागद पुढे घेतला आहे. लिहून झाले की याचे फोटो काढून पाठवीन.

तुझ्या दक्षिण कोरियातल्या देजॉन शहरात युसॉंग भागाचा बाजार दर पाच दिवसांनी, म्हणजे ज्या तारखेच्या शेवटी चार किंवा नऊ येतात त्या दिवशी भरतो, हे वाचून मला आपल्या आठवडी बाजाराची आठवण झाली. इतक्या पुढारलेल्या देशात, एवढ्या मोठ्या विद्यापीठाच्या शहरात, आजही म्हाताऱ्या बायका जमिनीवर फडके अंथरून लसूण आणि वाळवलेली पाने विकायला बसतात, याचे मला नवल वाटले आणि बरेही वाटले. भाजलेले चेस्टनट मोजून दिल्यावर त्या आजींनी आणखी मूठभर तुझ्या पिशवीत टाकले आणि हाताने "जा, जा" अशी खूण केली, हा प्रसंग तू फार चांगला लिहिला आहेस. तुझी आजी कोथिंबिरीच्या दोन काड्या वर घातल्याशिवाय भाजीवालीसमोरून हलत नसे, आणि तू लाजून तिचा पदर ओढत असायचास. तुला ते आठवते का?

खरे सांगायचे तर मी तुझे शब्द मोजले. बाजारात "ओल्मायेयो", म्हणजे केवढ्याला. पैसे दिल्यावर "कामसाहाम्निदा", म्हणजे आभार. आणि गरम पाण्याच्या झऱ्यांचे पाणी आणून पाय शेकण्यासाठी जो उघडा हौद बांधला आहे, तिथे शेजारी बसलेल्या आजोबांनी कुठला म्हणून विचारले तेव्हा "इन्दो", म्हणजे भारत. दोन दिवसांत तीनच शब्द, आणि तेही परक्या भाषेतले.

रविवारी दुपारी ज्या खानावळीत तू आधी शिरलास, तिथल्या बाईंनी दोन बोटे दाखवली, कारण तो रस्सा त्या किमान दोघांसाठीच करतात. म्हणून तू बाहेर आलास आणि पुढच्या गल्लीत काल्गुक्सू खाल्लेस, असे तू अगदी सहज लिहिले आहेस. लाटलेली पोळी सुरीने कापून केलेल्या त्या शेवया देजॉनमध्ये फार आवडीने खातात, हे वाचून समाधान वाटले, कारण ते आपल्या वरणफळांच्या जवळचे असणार आणि पोटभरीचे असणार. पण ती दोन बोटे माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत. तिकडे एकट्याने जेवण्याला "होनबाप" असा स्वतंत्र शब्दच आहे, हे तू पूर्वी सांगितले होतेस. परवा वाचनालयात मी एका मासिकात पाहिले, की दक्षिण कोरियातल्या एक तृतीयांशाहून अधिक घरांत एकच माणूस राहतो. ते वाचल्यावर रात्री झोप आली नाही. तुझ्या खोलीची जमीन खालून गरम पाण्याच्या नळ्यांनी उबदार राहते, त्यामुळे थंडीची काळजी मला उरलेली नाही. पण जमीन उबदार असली तरी खोलीत माणूस एकच.

दादू, माणसाने दिवसातून एकदा तरी कोणाशी मोकळेपणाने बोलले पाहिजे. अभ्यास, प्रयोगशाळा, शिष्यवृत्ती हे सगळे आपल्या जागी आहे, पण मनात साठत गेलेले वेळेवर बाहेर आले नाही तर पुढे ते काढायला फार वर्षे लागतात. तुझ्या मजल्यावर नाशिकचा एक मुलगा आहे, त्याचे दार वाजवायला तुला संकोच का वाटावा? रविवारी त्याला घेऊन गेला असतास तर तो दोघांचा रस्सा दोघांनी खाल्ला असता. मी पुन्हा व्याख्यान द्यायला लागले, याची मला जाणीव आहे. विमानतळावर जाताना गाडीत मी तेच केले, आणि शेवटचा अर्धा तास तू खिडकीबाहेर पाहत राहिलास. त्याबद्दल मला अजून वाईट वाटते.

मी अशी का घाबरते, हे तुला ठाऊक आहे. तू तेव्हा सातवीत होतास, आणि त्या वर्षी तुझे बाबा मेणवलीच्या घाटावर जाऊन तासन् तास बसत. आम्ही म्हणायचो, त्यांना शांतता आवडते, कृष्णेकाठी बरे वाटत असेल. तेही विचारल्यावर "छान वाटतं" एवढेच म्हणायचे. मी त्या उत्तरावर विश्वास ठेवला. त्यामुळे तुझ्या मजकुरात तेच दोन शब्द दिसले तेव्हा माझ्या हातापायांतले बळ गेले.

पण तू घाटावर नुसता बसला नव्हतास, हे मला बाबांनीच दाखवून दिले. त्यांनी तुझा मजकूर दोनदा वाचला. गाप्चॉन नदीतल्या दगडांवर पाय ठेवत पलीकडे जाणारी माणसे, प्रवाहाच्या मध्यावर एका पायावर उभा राहिलेला राखी बगळा, काठावर व्यायामाची यंत्रे हलवत गप्पा मारणाऱ्या बायका, १९९३च्या जागतिक प्रदर्शनासाठी उभारलेला आणि त्या सालाची आठवण म्हणून ९३ मीटर उंच ठेवलेला तो मनोरा, हे सगळे वाचून झाल्यावर ते म्हणाले, "याला बघता येतं." त्यांच्याकडून एवढे शब्द निघणे म्हणजे काय, हे तुला वेगळे सांगायला नको. मला तुझा फार अभिमान वाटतो.

किमजांगच्या, म्हणजे कोबीचे तिखट लोणचे मिळून घालण्याच्या, वर्णनाने तर मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. लांबट कोबीचे ते ढीग, मिठात मुरवलेली पाने, पानापानाच्या मधोमध चोळलेले लाल तिखट, आणि देवळासमोर मांडव घालावा तसे ताडपत्रीखाली बसलेले अख्खे शेजार. हिवाळाभराची किमची अशी मिळून घालणे आणि वाटणे ही रीत युनेस्कोने २०१३ साली आपल्या वारशाच्या यादीत घेतली, हेही तुझ्याकडूनच कळले. आपल्या गच्चीवर कुरडयांचा चीक शिजायचा तेव्हा मामी, शेजारच्या काकू, सगळ्या पहाटे पाचला हजर असायच्या, आणि तू अर्धाकच्चा चीक वाटीत घेऊन जिन्यात बसायचास. तिकडे रस्त्यापलीकडे उभा राहून तू पाऊण तास पाहत होतास, असे लिहिले आहेस. एका बाईंनी पानात गुंडाळलेला घास तुझ्यापुढे केला आणि तू मान हलवून पुढे निघालास. तो घास तू घ्यायला हवा होतास.

१४ तारखेला रविवार आहे, म्हणजे युसॉंगचा बाजार भरेल. परीक्षा जवळ आली आहे, हे मला समजते, तासभरच जा. त्याच आजींकडून चेस्टनट घे आणि त्यांना "हाल्मोनी", म्हणजे आजी, अशी हाक मार. जेवलात का, असे तिकडेही सहज विचारतात ना? या वेळी ते तू आधी विचार. त्या काय म्हणाल्या ते मला कळव. समजले नाही तर कानाला जसे ऐकू आले तसे लिही.

तुझी,
आई

ता. क. आत्याचा वाढदिवस शुक्रवारी आहे. तिचे आणि माझे बोलणे अजून सुरू झालेले नाही. तू मात्र न विसरता फोन कर.