कसणाऱ्याच्या हाती कागद द्या: महसूलमंत्र्यांना खुले पत्र

मा. महसूलमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सप्रेम नमस्कार.

विषय शेतीचा असूनही हे पत्र कृषिमंत्र्यांना न लिहिता आपल्याला लिहितो आहे, कारण सातबारा आपल्या खात्याकडे आहे.

सरकारी नियोजनाकडून बाजाराकडे वळलेल्या देशांनी शेतजमिनीचे काय केले, हे आपल्या खात्याने एकदा बारकाईने पाहावे. व्हिएतनामचेच घ्या. १९८८ च्या सुरुवातीला त्या देशाच्या उत्तरेकडच्या प्रांतांत खायला अन्न नव्हते. त्याच एप्रिलमध्ये सत्ताधारी पक्षाने ठराव क्रमांक १० केला आणि सामुदायिक शेतांची जमीन कुटुंबांना कसायला दिली. पुढच्या वर्षी भाताचे भावही बरेचसे मोकळे झाले आणि १९८९ मध्ये तोच देश सुमारे १४ लाख टन तांदूळ निर्यात करू लागला. १९९३ च्या जमीन कायद्याने हंगामी पिकांसाठी २० वर्षांचा वापरहक्क दिला. तो हक्क वारसांना देता येतो, खंडाने लावता येतो, बँकेत तारण ठेवता येतो. मालकी आजही शेतकऱ्याची नाही. तरीही कसणाऱ्याकडे बँक मानेल असा कागद आहे.

चीनमध्ये सुरुवात गावातून झाली. डिसेंबर १९७८ मध्ये आन्हुई प्रांतातल्या शियाओगांग गावच्या १८ शेतकऱ्यांनी जमीन घरटी वाटून घेण्याच्या गुप्त करारावर अंगठे उठवले. पकडले गेले असते तर तुरुंग ठरलेला होता. सरकारने मात्र ती पद्धत देशभर नेली. १९७८ मध्ये साडेतीस कोटी टन असलेले धान्य १९८४ मध्ये चाळीस कोटी टनांवर गेले. खरेदीचे भाव वाढवल्याचा वाटाही त्यात मोठा होता, हे सांगायलाच हवे. पुढे माणसे शहरात गेली आणि जमिनी दुसरेच कसू लागले, तेव्हा चीनने मालकी, कराराचा हक्क आणि वहिवाटीचा हक्क असे तीन वेगळे हक्क कायद्यात मान्य केले. आपल्या कामाचा भाग हाच आहे.

रशियाने उलटे केले. १९९० नंतर सामुदायिक शेतांवरच्या लाखो लोकांना जमिनीचे हिस्से मिळाले, पण ते कागदावरच. आपला तुकडा नेमका कुठे आहे, हेच बहुतेकांना माहीत नव्हते. खते-इंधनाचे भाव भडकले, कर्ज आटले. दहा वर्षांत गुरांची संख्या निम्म्याहून खाली आली. नुसत्या मालकीने शेती उभी राहत नाही, हे तिथे फार महागात कळले.

महाराष्ट्र या देशांसारखा नाही. इथे जमीन खाजगीच होती, आणि कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ पासून, आणि विदर्भ-मराठवाड्यात वेगळ्या तारखांपासून, कसणाऱ्याला मालक केले. ते योग्यच होते. त्या कायद्यामुळे कित्येक घरे उभी राहिली. पण ‘कूळ लागेल’ ही भीती मालकाच्या मनातून अजून गेलेली नाही. म्हणून मुलगा पुण्यात नोकरीला असलेले घर शेत ठोक्याने, बटईने, वाट्याने देते, पण लिहून काहीच देत नाही. दरवर्षी कसणारा बदलला की कोणी बांध घालत नाही, शेणखत टाकत नाही, फळझाड लावत नाही. गारपीट झाली की पंचनामा सातबाऱ्यावरच्या नावाने होतो आणि भरपाई मालकाच्या खात्यात जाते. बी-बियाणे ज्याने सावकाराकडून व्याजाने पैसे काढून घेतले, तो मोकळ्या हाताने घरी येतो. मला याचा मनापासून संताप येतो.

नीती आयोगाने २०१६ मध्ये शेतजमीन भाडेपट्ट्याचा आदर्श कायदा राज्यांपुढे ठेवला आहे. त्याच्या आधारे आपण विधेयक आणावे. मालकाचे नाव सातबाऱ्यावर अबाधित राहील आणि मुदत संपताच जमीन परत मिळेल, याची हमी द्या. कसणाऱ्याला किमान पाच वर्षांचा लेखी करार द्या, आणि पीककर्ज, विमा व भरपाई त्याच कागदावर मिळू द्या. नोंदणी तलाठी कार्यालयात, नाममात्र शुल्कात व्हावी. मुद्रांकाचा खर्च जड झाला तर पुन्हा सगळे तोंडीच चालेल. आदिवासींच्या जमिनींचे संरक्षण मात्र आहे तसेच ठेवा, तिथे या वाटेने कोणी शिरता कामा नये.

मसुदा आधी ग्रामसभांपुढे ठेवा आणि तिथे मालकांबरोबर ठोक्याने कसणाऱ्यांनाही बोलवा.

आपला,
शेतकरी कुटुंबातला एक नागरिक