ब्रेस आधी संगणकावर घालून पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळा उघडायच्या आधी आम्हा गणवेश शिवणाऱ्यांच्या टेपखालून शेकडो मुले जातात. तीन वर्षांपूर्वी माझ्या पुतणीचा फ्रॉक एका बाजूने सारखा वर उचलला जाई. मी दोनदा दुमड उसवून पुन्हा शिवली. दोष शिवणीत नव्हता, पाठीच्या कण्यात होता. एक्स-रेत कण्याला बाजूला ३२ अंशांचा बाक निघाला. १० अंश किंवा त्याहून जास्त बाक असला की त्याला स्कोलिओसिस म्हणतात. साधारण २५ ते ४० अंशांत, वाढ चालू असेल तर, ब्रेस म्हणजे बाक वाढू नये म्हणून धडाभोवती घालायचे कवच देतात.

तिला कडक प्लॅस्टिकचा ब्रेस मिळाला. पहिला काखेत रुतायचा, दुसरा कमरेला काचायचा. दर वेळी पुण्याची फेरी. त्यात आपल्याकडचा एप्रिल-मे! आत घामोळ्यांनी अंग लाल. "काका, थोडा वेळ तरी काढू दे ना," म्हणायची आणि आम्ही रागवायचो. त्याचे आज फार वाईट वाटते.

पण रागवायलाही कारण होते. ब्रेसचा गुण तो किती तास अंगावर राहतो यावर आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिका आणि कॅनडातील मोठ्या चाचणीत ब्रेस वापरणाऱ्या ७२ टक्के मुलांचा बाक वाढ पूर्ण होईपर्यंत ५० अंशांखाली राहिला. ब्रेस न दिलेल्यांत हे प्रमाण ४८ टक्के होते. रोज सुमारे १३ तासांहून जास्त वापरणाऱ्यांत तर यश ९० टक्क्यांवर गेले. म्हणजे सोसवेल असा ब्रेस बनवणे हा उपचारच झाला.

इथेच संगणक कामाला येतो. दोन बाजूंच्या एक्स-रेवरून त्या एका मुलाचा कणा संगणकात उभा करतात. मणके, त्यांच्यामधल्या चकत्या, त्यांना बांधणारे स्नायुबंध यांचे हजारो लहान तुकडे पाडून प्रत्येकाला त्याचा ताठरपणा देतात. मग त्यावर ब्रेस चढवून त्याच्या आतला पॅड कुठे दाबतो, मणका किती सरकतो, कुठले प्लॅस्टिक उगाच आहे, हे तपासतात. बाकाच्या आतल्या बाजूला दाब जास्त, म्हणून तिथली वाढ मंदावते, मणका पाचरीसारखा होतो आणि बाक आणखी वाढतो. हे चक्रही गणितात धरता येते. कॅनडातील मॉन्ट्रियलमध्ये अभियंते आणि अस्थिरोगतज्ज्ञांनी असे बनवलेले ब्रेस पातळ निघाले, अंगही कमी झाकू लागले, आणि बाक सरळ करण्यात कमी पडले नाहीत. सोलापूरच्या उन्हाळ्यात याचे मोल मी काय सांगावे! डॉक्टरांचा हात आणि नजर याला पर्याय नाही, पण चुका मुलाच्या अंगावर होण्याऐवजी पडद्यावर होतील.

आपल्या शहरात डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आहे. अस्थिरोग विभाग आणि यांत्रिकी अभियांत्रिकीचे विद्यार्थी यांनी एकत्र बसून निदान एका मुलापासून सुरुवात करावी, ही कळकळीची विनंती. आणि शाळांच्या आरोग्य तपासणीत मुलांना पुढे वाकवून पाठीचा एक भाग उंच दिसतो का, एवढे पाहावे. त्याला अर्धे मिनिट लागते. आम्हाला हे कळायला दोन उसवणी लागल्या.

पुतणीचे सर्व एक्स-रे आणि दोन्ही ब्रेस घरी जपून ठेवले आहेत. अशा कामासाठी ते द्यायला तिचे आई-वडील तयार आहेत.

– एक गणवेश शिवणारा, पूर्व भाग, सोलापूर