मॉरिशसच्या उसातले काळे दगड

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील मॉरिशसवरचा सचित्र लेख वाचला. निळे पाणी, पांढरी वाळू, एका चौकटीत डोडो पक्ष्याचे चित्र आणि शेवटी तिथल्या मराठी मंडळींच्या गणेशोत्सवाचे कौतुक, असा एकंदर थाट होता. लेख वाचनीय आहे, याबद्दल वाद नाही. मात्र ती डोडोची चौकट आणि तो गणपतीचा परिच्छेद यांचा एकमेकांशी काही संबंध आहे, याची पुसटशीही कल्पना त्यात येत नाही, म्हणून हे पत्र.

हा संबंध उसाचा आहे. १५९८ साली डच खलाशी उतरले तेव्हा बेट निर्मनुष्य होते आणि वटवाघळे सोडली तर तिथे मूळचा असा जमिनीवरचा एकही सस्तन प्राणी नव्हता. न उडणारा डोडो अशा ठिकाणी निर्धास्तपणे जमिनीवर अंडे घालत असे. खलाशांनी तो खाऊन संपवला, असे आपण शाळेपासून ऐकत आलो. पण जहाजांतून आलेल्या उंदीर, डुकरे आणि माकडांनी अंडी-पिल्ले फस्त केली, हेच त्याच्या नाशाचे मोठे कारण असावे, असे अभ्यासक मानतात. सतराव्या शतकाच्या अखेरीस तो नाहीसा झाला. डचांनी एबनीच्या मोलाच्या काळ्या लाकडासाठी जंगल तोडले आणि १६३९ मध्ये जावाहून ऊस आणला. ते १७१० मध्ये निघून गेले, मग फ्रेंच आले, १८१० मध्ये इंग्रज आले; ऊस मात्र कोणाहीबरोबर परत गेला नाही. आज चांगल्या स्थितीतले मूळचे जंगल दोन टक्क्यांहूनही कमी उरले आहे.

उसाला माणसे लागतात. आधी ती आफ्रिका आणि मादागास्करहून गुलाम म्हणून आणली गेली. १ फेब्रुवारी १८३५ रोजी तिथली गुलामगिरी कायद्याने संपली, पण त्याच्या आधीच, १८३४ पासून, मळेवाल्यांनी हिंदुस्थानातून कराराने बांधलेले मजूर आणायला सुरुवात केली होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत असे साडेचार लाखांहून अधिक लोक तिथे उतरले. बहुसंख्य बिहारकडचे, बरेच मद्रासकडचे, आणि मुंबई बंदरातून गेलेले आपले कोकणातले व घाटावरचे. पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावर ते जिथून चढून आले त्या सोळा दगडी पायऱ्या आजही आहेत.

चार वर्षांपूर्वी मी तिथे गेलो होतो, तेव्हा पायऱ्यांपेक्षाही जास्त लक्षात राहिले ते उसाच्या शेतांमधले दगडांचे ढीग. पुरुषभर, कुठे त्याहून उंच, चुना-मातीशिवाय नीट रचलेले काळे धोंडे, आणि त्यांना वळसा घालून उभा ऊस. आमचा गाडीवाला मराठी घराण्यातला. त्याचे आडनाव म्हणजे पणजोबांचे नाव, कारण उतरताना कारकुनाने जे लिहून घेतले तेच पुढे आडनाव झाले. घरात बोली क्रिओल, मराठी तो शाळेत शिकलेला. त्याने गाडी थांबवली आणि एवढेच म्हणाला, "हे आमच्या लोकांनी हातांनी वेचले."

तो धोंडा हातात घेतला आणि मी चमकलो. आमच्या घाटातला काळा कातळच तो! नंतर कळले की नुसते दिसण्यापुरते साम्य नाही. भूगर्भातील ज्या तप्त स्रोताने सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा काळा पाषाण ओतला, त्याच स्रोतावर पुढे ऐंशी-नव्वद लाख वर्षांपूर्वी मॉरिशस वर आले, असे भूशास्त्रज्ञ मानतात. शेजारच्या रेयुनियन बेटावर तो स्रोत अजून जिवंत ज्वालामुखीच्या रूपाने धगधगतो आहे. म्हणजे सह्याद्रीच्या पायथ्याची माणसे समुद्र ओलांडून गेली, ती एका अर्थी सह्याद्रीच्याच भावंडाचे दगड वेचायला.

तिथल्या मराठी लोकांच्या 'झाकरी' नाचात कोकणच्या जाखडीची पावले ओळखू येतात आणि गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते, याचा अभिमान मलाही वाटतो. पण जंगल ज्यासाठी गेले त्याच उसासाठी हे लोक आले, हे सांगितल्याशिवाय उत्सवाचे वर्णन अर्धवट राहते.

पुरवणीत या विषयावर पुन्हा लेख येणार असेल, तर त्या ढिगांची मी काढलेली दोन छायाचित्रे सोबत जोडली आहेत, ती अवश्य वापरावीत.

आपला,
एक नियमित वाचक, चिपळूण