आधी भरा, मग मिळेल: उच्च शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय मंत्रिमहोदय,
उच्च व तंत्रशिक्षण विभाग,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

स. न. वि. वि.

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो. बारावीचा निकाल लागला की पुढचे दोन-तीन महिने माझं खरं काम म्हणजे पोरांचे अर्ज भरून देणं. सीईटी सेलची म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षा कक्षाची नोंदणी, कॅप राऊंडचे म्हणजे केंद्रीय प्रवेश फेऱ्यांचे पर्याय, शिष्यवृत्तीचं महाडीबीटी पोर्टल, वसतिगृह, जात पडताळणीची पावती. पुण्याला किंवा संभाजीनगरला पहिल्यांदाच शिकायला निघालेल्या मुलाची तयारी कशी होते, ते मी त्या टेबलावरून बघतो. त्यातली एकच गोष्ट आपल्या कानावर घालायची आहे.

योजना कमी आहेत, असं मी म्हणणार नाही. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, अनुसूचित जातीच्या मुलांसाठी स्वाधार आहे. जुलै २०२४ मध्ये ८ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. त्या निर्णयानंतर आमच्या टेबलावर मुली वाढल्या, हे मोकळेपणाने सांगतो. घोडं अडतं ते क्रमावर. मुलाला खर्च जून-जुलैत करावा लागतो आणि सरकारची मदत येते ती मुलगा तिथे कसाबसा रुळल्यावर.

स्वाधारचंच बघा. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या मुलासाठी ही योजना आहे. म्हणजे आधी वसतिगृहाची यादी लागायची, तिच्यात नाव नाही हे कळायचं, मग अर्ज, मग छाननी, मग पैसे. तोवर तास सुरू झालेले असतात. पुण्यासारख्या शहरासाठी योजनेची रक्कम ठरली ती वर्षाला ६०,००० रुपये. त्यात राहण्याचे २०,०००. महिन्याला साधारण १,६६६ रुपये पडतात. एवढ्यात पुण्यात कॉट बेसिसवर कॉट मिळते का, हे आपल्याच कुणा स्वीय सहायकाला एकदा सदाशिव पेठेत विचारून यायला सांगा. आणि तीही रक्कम हातात नसताना कॉटमालकाला डिपॉझिट आणि एक महिन्याचं भाडं आगाऊ लागतं, मेसवाल्याला महिना आगाऊ लागतो. बाप सोयाबीनच्या पेरणीसाठी ठेवलेले पैसे काढतो. पेरणीची आणि प्रवेशाची वेळ एकच असते, हे मंत्रालयात कुणाला सांगायला नको.

ही योजना सामाजिक न्याय विभागाची आहे, माझी नाही, असं आपण म्हणू शकता. पण पोराला विभाग ठाऊक नसतात, सरकार ठाऊक असतं. चार विभागांची चार वेळापत्रकं जुळवायचं काम आज अठरा वर्षांचा मुलगा करतो.

आता कागदांबद्दल. प्रत्येकाकडे एक प्लास्टिकची फाइल असते. गुणपत्रिका, टीसी, आधार, डोमिसाइल, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, जात वैधता, नॉन-क्रिमीलेअर, आणि सगळ्याच्या तीन-चार झेरॉक्स. एकीच्या फाइलमध्ये सगळं जागच्या जागी होतं. फक्त दहावीच्या गुणपत्रिकेवर आईचं नाव ‘सुनिता’ आणि आधारवर ‘सुनीता’. एका वेलांटीसाठी प्रतिज्ञापत्र करून आण, असं तिला सांगण्यात आलं. प्रतिज्ञापत्रासाठी मुद्रांक लागणार नाही, असं महसूलमंत्र्यांनी मार्च २०२५ मध्येच जाहीर केलंय. तरी तिच्या वडिलांनी ५०० रुपयांचा मुद्रांक घेतलाच, कारण खिडकीवरच्या माणसापर्यंत ते पोचलं नव्हतं आणि राऊंड संपायला दीड दिवस उरला होता. वाद घालायला वेळ कुणाकडे असतो?

यातल्या बहुतेक कागदांसाठी निकालाची वाट बघावी लागत नाही. गुणपत्रिका, टीसी आणि उत्पन्नाचा दाखला सोडला तर बाकी बहुतेक सगळं बारावीच्या वर्षात नोव्हेंबर-डिसेंबरात होऊ शकतं. जात पडताळणीचा अर्ज तेव्हाच कॉलेजमार्फत करता येतो. रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यात दाखले आणि पडताळणी कॉलेजातच करून देण्याचा प्रयोग झाला, त्याला ‘मंडणगड पॅटर्न’ असं नावही पडलं. बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे त्याच तालुक्यातलं. मग हे प्रत्येक तालुक्यात नेमाने का होत नाही? जून-जुलैत दाखल्यांच्या सेतू केंद्रावर रांग, सर्व्हर बसलेला, तलाठी दुसऱ्या कामावर, आणि शेवटी मुदतवाढीची बातमी. दर हंगामाचं हे ठरलेलंच झालंय.

बँकेचं खातं हा आणखी एक घोळ. महाडीबीटीचे पैसे आधारला जोडलेल्या खात्यात जातात. कोणतं खातं जोडलेलं आहे हे बऱ्याच मुलांना माहीत नसतं. शाळेत असताना उघडलेलं शून्य शिल्लक खातं बंद पडलेलं असतं, किंवा सिमकार्ड घेताना दुकानदाराने कुठलंसं खातं उघडून दिलेलं असतं. शिष्यवृत्ती ‘मंजूर’ दिसते, पैसे कुठे गेले ते दिसत नाही. बारावीच्या वर्गात एका दुपारी, एका बँक कर्मचाऱ्याला बसवलं तरी हे निस्तरता येईल.

बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.ला जाणाऱ्यांची अडचण वेगळी. संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवीन राष्ट्रीय शिक्षण धोरण आलं आणि पहिल्याच अर्जात मेजर (मुख्य विषय), मायनर (दुय्यम विषय), ओई (खुला ऐच्छिक विषय), व्हीएससी (व्यावसायिक कौशल्य), एईसी (भाषा), आयकेएस (भारतीय ज्ञान प्रणाली) अशी रांग समोर उभी राहिली. ओई दुसऱ्या विद्याशाखेतून घ्यायचा असतो, हे मुलांना अर्ज भरताना कळतं, आणि तेही मागे उभा असलेला मित्र सांगतो म्हणून. विद्यापीठाने एका पानावर, सरळ मराठीत, निकालाआधी हे छापून कनिष्ठ महाविद्यालयांना पाठवलं तर आम्हीच समजावून सांगू. आम्हालाही ते आजवर कुणी समजावलेलं नाही, हे जाता जाता.

मागणी मोठी नाही. कॅपचं जागावाटपाचं पत्र हातात पडेल त्याच आठवड्यात वसतिगृहाचा होकार किंवा नकार कळावा. नकार असेल तर तेच पत्र स्वाधारसारख्या योजनांचा अर्ज समजावा आणि राहण्याच्या रकमेचा पहिला हप्ता तास सुरू होण्याआधी खात्यात पडावा. ज्यांचं शुल्क शासन भरणार आहे त्यांच्याकडून कॉलेजने ‘आधी भरा, मग परत मिळेल’ म्हणून एक रुपयाही घेऊ नये, आणि घेतलाच तर तक्रार कुणाकडे करायची त्या अधिकाऱ्याचं पद आणि फोन नंबर प्रवेश खिडकीवर मोठ्या अक्षरात लावावा. मूळ कागदपत्रं अडकवून ठेवू नयेत, हे यूजीसीने सांगून झालंय. तेही त्याच फलकावर येऊ द्या.

महसूल, सामाजिक न्याय, इतर मागास बहुजन कल्याण, आदिवासी विकास आणि आपला विभाग, या सगळ्यांना एका टेबलावर बसवणं आमच्या हातात नाही, आपल्या आहे. बारावीची परीक्षा फेब्रुवारीत सुरू होते, त्याआधी प्रात्यक्षिकं. कॉलेजात शिबिरं घ्यायची तर नोव्हेंबर आणि डिसेंबर एवढेच दोन महिने मिळतात. त्यामुळे शासन निर्णय दिवाळीच्या सुट्टीआधी निघाला तरच यंदाच्या बॅचला उपयोग. आमच्या कॉलेजचा हॉल, टेबलं आणि मदतीला चार शिक्षक द्यायला आम्ही तयार आहोत.

कळावे,

आपला,
तालुक्याच्या गावचा एक शिक्षक