मंत्रिमहोदय, वजनकाट्यावर नवऱ्यालाही उभं करा

मा. आरोग्यमंत्री यांस,
स. न. वि. वि.

लग्नाला चार वर्षं होऊनही मूल होईना, म्हणून आम्ही दोघं डॉक्टरांकडे गेलो. नर्सने बायकोला काट्यावर उभं केलं, आकडा फाइलवर लिहिला. मी तिची पर्स सांभाळत बाकावर बसून होतो. माझं वजन तेव्हा १०४ किलो होतं. पुढची दोन वर्षं ते कुणीही विचारलं नाही. सोनोग्राफी, रक्ततपासण्या, नळ्यांची तपासणी, इंजेक्शनं, सगळं तिच्याच वाट्याला आलं. घरचे बोलले तेही तिलाच. माझ्या वीर्याची तपासणी झाली ती त्यानंतर: शुक्राणू कमी, हालचाल मंद.

पोटावरची चरबी नुसती पडून राहत नाही, हे मला तेव्हा कळलं. तिच्यातलं अरोमॅटेज नावाचं एन्झाइम टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनचं इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन करतं. ते वाढलं की शुक्राणू तयार करायला सांगणारे मेंदूकडचे संदेश मंदावतात. शिवाय अंडकोषांना शरीरापेक्षा दोन-चार अंश कमी तापमान लागतं. मांड्यांच्या आणि ओटीपोटाच्या चरबीत तो गारवा मिळत नाही. प्रत्येक स्थूल पुरुषाला हा त्रास होतोच असं नाही, पण ज्याला होतो त्याला तो बाहेरून जाणवत नाही. मलाही जाणवला नव्हता.

मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी सुमारे निम्म्यांत पुरुषाकडचं कारण एकटं किंवा जोडीने असतं. म्हणून माझी मागणी साधी आहे. पहिल्याच भेटीत नवऱ्याचं वजन, कंबरेचा घेर आणि वीर्यतपासणी यांची नोंद सक्तीची करा. पत्नीच्या पोटात दुर्बीण घालण्याआधी हे झालंच पाहिजे.

आणखी एक गोष्ट, आणि ती मला फार जाचते. थकवा येतो, जोम राहिला नाही म्हणून पुरुष टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेतात. बाहेरून हार्मोन मिळालं की शरीर शुक्राणू बनवणं कमी करतं, कधी पूर्ण थांबवतं. मूल हवं असलेल्या पुरुषाला हे आधी सांगणं डॉक्टरांना बंधनकारक करा.

शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात. वजन उतरलं की अनेकांचं टेस्टोस्टेरॉन वाढतं, शुक्राणूही सुधारू शकतात. पण त्यासाठी महिने हातात हवेत. पत्नीचं वय वाढत असतं. आमची दोन वर्षं गेली. जी जोडपी उद्या पहिल्यांदा दवाखान्याची पायरी चढतील, त्यांची तरी जाऊ देऊ नका.

आपला,
एक नागरिक