गुंठाभर जागेचा कागद आधी सरळ करा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या अंकातला तुमचा परवडणाऱ्या घरांवरचा लेख वाचला आणि राहवलं नाही म्हणून लिहितेय. अख्खा लेख व्याजदर आणि सबसिडीवर. तालुक्याच्या गावात घर अडतं ते घराखालच्या जागेवर, त्यावर एक ओळ नाही. विटा, वाळू, सळई महाग आहे हे मान्य, सिमेंटवरचा जीएसटी सप्टेंबर 2025 मध्ये 28 चा 18 टक्के केला ते चांगलंच झालं, पण आमच्याकडचा माणूस सिमेंटच्या दुकानापर्यंत पोचतच नाही हो. नावावर स्वतंत्र उतारा होईल अशी दीड गुंठा जागा त्याला झेपेल अशा भावात मिळू दे, घर तो पोटाला चिमटा काढून बांधतो.

माझ्या धाकट्या भावाचंच सांगते. खासगी दवाखान्यात लॅब टेक्निशियन आहे, पगार खात्यावर येतो, आजवर एक हप्ता थकलेला नाही. त्याने आणि ओळखीच्या काही जणांनी मिळून गावाला लागून असलेली शेतजमीन घेतली, सामाईक खरेदीखत केलं, कारण एकट्याच्या नावावर दीड गुंठ्याची नोंदणीच होत नव्हती. जागेसाठी पतसंस्थेचं वैयक्तिक कर्ज काढलं. आता सातबाऱ्यावर एकाखाली एक नावं आहेत, क्षेत्र सगळ्यांचं मिळून, आणि कुणाचा तुकडा कुठला हे फक्त एका नोटरी केलेल्या कागदावर आणि जमिनीवर फक्कीने मारलेल्या रेषांवर. पहिल्या पावसात रेषा गेल्या. बांधकामासाठी बँकेत गेला तर मॅनेजरने पगारपत्रक बघून कर्ज किती बसेल ते लगेच सांगितलं, मग उतारा बघितला आणि फाईल परत दिली. एनए म्हणजे बिगरशेती परवानगी नाही, मंजूर लेआउट नाही, हिस्सा वेगळा नाही, गहाण काय घेणार? बरं त्यात बँकेचीही चूक म्हणता येत नाही. पुढे सामाईकातले एक काका वारले, वारसनोंद झाली, सही करणारे वाढले, त्यातले दोघं परगावी, आणि बांधकाम परवान्याला संमतीपत्र सगळ्यांचं हवं. भाऊ अजून भाड्याच्या दोन खोल्यांत आहे, जागेचा हप्ताही भरतोय आणि भाडंही. त्याला तुमची व्याजसवलत कुठे लावायची ते सांगा!

हे असं का होतं तर तुकडेबंदीचा कायदा, 1947 चा. शेतीचे बारीक तुकडे पडून शेती परवडेनाशी होऊ नये म्हणून केलेला, हेतू चांगलाच. पण गाव वाढलं, शेताच्या बांधापर्यंत घरं आली तरी नियम तोच. जुलै 2021 मध्ये नोंदणी विभागाने परिपत्रक काढून छोट्या तुकड्यांची दस्तनोंदणी थांबवली, 2022 मध्ये हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठाने ते रद्द केलं, ऑगस्ट 2023 मध्ये बागायतीला 10 गुंठे आणि जिरायतीला 20 गुंठे असं प्रमाणभूत क्षेत्र ठरवलं, म्हणजे त्याहून लहान तुकडा विकता येत नाही. दहा गुंठे म्हणजे 10,890 चौरस फूट. लॅब टेक्निशियनने एवढी जागा घेऊन काय करायचं? जुने व्यवहार नियमित करायचं शुल्क आधी बाजारमूल्याच्या 25 टक्के होतं, मग 5 टक्के केलं, आता तर विनाशुल्क म्हणतात. ज्यांनी सुटं खरेदीखत केलं त्यांच्या उताऱ्यावर 'इतर अधिकार' या रकान्यात तुकडेबंदीचा जो शेरा बसला होता तो निघेल, फार बरं होईल. पण ही सगळी सोय झालेल्या व्यवहारांची झाली. उद्या नव्याने लग्न झालेल्या जोडप्याला दीड गुंठा कागदोपत्री सरळ मिळणार कुठून?

गरिबांचं तर अजून वाईट. ग्रामीण प्रधानमंत्री आवास योजनेच्या घरकुलाला मैदानी भागात 1 लाख 20 हजार मिळतात, 2016 ला योजना आली तेव्हापासून केंद्राचा आकडा तोच आहे, राज्याने 2025 मध्ये 50 हजारांची भर घातली म्हणून थोडं तरी हलतंय. ज्याला जागाच नाही त्याच्यासाठी दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाची जागा खरेदीची योजना आहे, आधी 50 हजार होते नंतर 1 लाख केले, जागा 500 चौरस फुटापर्यंत. म्हणजे अर्ध्या गुंठ्याहून कमी. एक खातं 500 फूट घ्यायला पैसे देतंय आणि दुसऱ्याचा कायदा एवढ्या तुकड्याची खरेदी होऊ देत नाही, असं कितीतरी वर्षं चाललं, घरकुलासाठी नियमात सूट आली ती 2024 मध्ये, तीही जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घेऊन. एका विधवा बाईने त्या परवानगीसाठी जिल्ह्याला किती खेटे घालायचे, हा विचार करून माझा जीव तुटतो.

आणि रेडीरेकनर, म्हणजे सरकारने ठरवलेले जागेचे दर! 1 एप्रिल 2025 ला दर वाढले तेव्हा मुंबईची वाढ सरासरी 3.39 टक्के आणि नगरपरिषदा-नगरपंचायतींची 4.97. खरेदी कमी किमतीत झाली तरी स्टॅम्प ड्युटी निदान त्या दराने भरावीच लागते. लहान गावाला जास्त टक्के का, हे तुम्ही विचारायला हवं होतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की नगरपंचायतीने स्वतः पुढाकार घेऊन नगररचना योजना करावी, 1966 च्या एमआरटीपी म्हणजे प्रादेशिक व नगररचना कायद्यात या टीपी स्कीमची तरतूद आहेच. चार-पाच शेतकऱ्यांच्या जमिनी एकत्र घेऊन रस्ते, गटार, मोकळी जागा काढायची, त्यांना त्यांचे नीट आखलेले प्लॉट परत द्यायचे आणि उरलेल्यातले एक-दीड गुंठ्याचे प्लॉट फक्त पहिलं घर बांधणाऱ्याला, स्वतंत्र उताऱ्यासह. एकट्या शेतकऱ्याला लेआउटचा खर्च झेपत नाही म्हणून तो दलालाला देतो आणि दलाल सामाईक खरेदी करून मोकळा होतो, पुढचं भोगायचं घेणाऱ्याने.

जाता जाता तुमच्याच पेपरबद्दल. रविवारच्या अंकात प्लॉटच्या जाहिराती येतात, मोठ्या अक्षरात 'एनए प्लॉट' आणि खाली बारीक अक्षरात 'प्रस्तावित'. 500 चौरस मीटरच्या वरच्या प्लॉटिंगला महारेराची, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची, नोंदणी लागते, जाहिरातीत नंबर आणि क्यूआर कोड लागतो. क्यूआर कोडचा नियम ऑगस्ट 2023 पासूनचा आहे, तुमच्या जाहिरात विभागाला माहीत असणारच. तरी नंबर नसलेल्या जाहिराती छापून येतात आणि पेपरात आलंय म्हणजे खरं असेल म्हणून माणसं टोकन देऊन बसतात. माझ्या भावानेही त्या जमिनीची माहिती पहिल्यांदा अशाच एका जाहिरातीत वाचली होती. नंबर नसेल तर जाहिरात घ्यायची नाही, असं येत्या रविवारपासून ठरवता येईल का, ते कृपया कळवा.

आपली नियमित वाचक