वाडीची मोजणी अन् फाट्यावरची गाडी

आप्पा, आई, नमस्कार,

फोन रोजच होतो पण निम्मा वेळ हॅलो हॅलो करण्यातच जातो, म्हणून यावेळी सगळं टाईप करून पाठवतोय, ताईला सांगा वाचून दाखवायला.

आप्पा तुम्ही बीडला रेल्वे आली त्या दिवशीचा, 17 सप्टेंबर 2025 चा, व्हिडिओ पाठवला होता ना, तो अजून फोनमध्ये ठेवलाय. 1995 ला मंजूर झालेली लाईन, मी तेव्हा बालवाडीत असेन, अन् 2022 ला ती आष्टीपर्यंतच आली होती. पण खरं सांगू, व्हिडिओ बघताना मला आपला फाटाच आठवत होता. बीडपर्यंत रेल्वे आली, फाट्यापासून वाडीपर्यंतचे चार किलोमीटर मात्र आहे तिथंच. आजी पंच्याहत्तरच्या वरची म्हणून 2022 पासून तिला एसटी फुकट, आईला 2023 पासून अर्धं तिकीट, पण ते काढायला आधी फाट्यापर्यंत चालत जायचं. मुक्कामी गाडी यायची तेव्हा कसं, सकाळी ड्रायव्हर आपल्याच ओट्यावर चहा प्यायचा. आता त्या रस्त्यावर गाडी आणावी असं काही उरलंच नाही, त्या बिचाऱ्याचा तरी काय दोष.

मुद्द्याचं आता. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेचा चौथा टप्पा 2024 ला मंजूर झालाय, त्याचं वाचत होतो. सपाट भागात 500 च्या वर लोकसंख्या असलेल्या अन् पक्का रस्ता नसलेल्या वस्त्या त्यात घेणार, आणि लोकसंख्या धरणार 2011 च्या जनगणनेची. आपली वाडी त्यात पाचशेच्या आत! मला आधी पटेचना, पोळ्याला पाराजवळ उभं राहायला जागा नसते आपल्याकडं. मग तारखा बघितल्या, मोजणी झाली होती 9 ते 28 फेब्रुवारीला. आता तुम्हीच सांगा फेब्रुवारीत आपली वाडी कुठं असते? सांगली, कोल्हापूर, कर्नाटक, उसाच्या फडात तोडीला. एकेक कोयता म्हणजे नवराबायको आणि वर लेकरं, घरी राहतात फक्त म्हातारी माणसं अन् शेळ्या. आणि नियम असा की त्या सगळ्या दिवसांत जो घरी नव्हता तो जिथं सापडला तिथं मोजायचा, म्हणजे फडाजवळच्या कोपीत, झोपडीत, राहणारी आपली माणसं कारखान्याच्या गावात लागली, ज्या गावाला डांबरी रस्ता आधीपासून आहे. लई हसू आलं अन् रागही.

2021 ची जनगणना कोरोनामुळं राहिली. आता घरांची यादी 2026 मध्ये आणि माणसांची मोजणी फेब्रुवारी 2027 ला. परत फेब्रुवारीच!! म्हणून आप्पा तुम्ही आत्तापासूनच मुकादमाशी बोलून ठेवा. मागच्या वेळी कायमचा राहणारा माणूस त्या दिवसांतले थोडे दिवस जरी घरी असला तरी घरीच मोजत होते, यावेळचं नीट विचारून घ्या. सगळे नाही येणार माहितीय मला, मुकादमाकडून आधीच घेतलेली उचल फेडायची असते, एक खाडा झाला तरी मुकादम लिहून ठेवतो, पण आळीपाळीनं दोनदोन दिवस जमलं तरी बघा. सरपंचांच्या कानावर घाला, गुरुजींना पण सांगा, मोजायला बहुतेक तेच येतील.

इथं जर्मनीत मी खोली बदलली तर 14 दिवसांच्या आत ऑफिसात जाऊन नवीन पत्ता नोंदवावा लागला, किती वैताग आला होता तेव्हा मला. आता वाटतं आपल्या टोळ्यांची अशी नोंद कुणी ठेवली असती तर.

मी फेब्रुवारीत सुट्टी टाकतोय, पण मी आलो म्हणून आकडा वाढणार नाही, माझा पत्ता इथला. नगरहून रेल्वेनंच बीडला येईन, पुढं फाट्यापर्यंत मिळेल ते. तिथून दूधवाल्याच्या टेम्पोत येतो, आईला म्हणावं घ्यायला चालत येऊ नकोस.

तुमचा,
बाळू